थ्रॉटलचा दांडा आणि अकोल्याचा लेथ

मागचे दोन शनिवार इथे काही लिहिलं नाही. दोन-तीन जणांनी मेल करून विचारलं, बाबा रे, आहेस ना? आहे. अमरावतीला होतो आणि हाताला पेट्रोलचा वास येत होता, त्यामुळे कीबोर्डला हात लावावासा वाटला नाही. त्याचाच हा रिपोर्ट. गाड्यांमध्ये अजिबात रस नसलेल्यांनी इथूनच परत फिरावं, कारण पुढे बराच वेळ मी एका आठ मिलिमीटर जाडीच्या दांड्याबद्दल बोलणार आहे. नंतर तक्रार चालणार नाही.

आधी पात्रपरिचय. मोठे बाबा, म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. पुण्यात हा शब्द वापरला की लोक गोंधळतात, पण वऱ्हाडात थोरल्या काकांना मोठे बाबाच म्हणतात आणि काकूला मोठी आई. वय ७६. त्यांची गाडी प्रीमियर पद्मिनी, १९९० ची, पांढरी, नंबर एमएच २७ मधला. पद्मिनी म्हणजे फियाटच. कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ मध्ये ती फियाट ११०० डिलाइट म्हणून सुरू झाली, १९७४ मध्ये तिला पद्मिनी हे नाव मिळालं आणि नव्या शतकाच्या तोंडाशी ती बंद पडली. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी सेवेतून गेली तेव्हा सगळ्या पेपरांत हळव्या बातम्या आल्या होत्या. मोठ्या बाबांनी त्या वाचल्या आणि म्हणाले, "गेली तं गेली, आपली हाय ना."

तर आपली आहे, पण कागदावर राहील की नाही असा प्रश्न पडला होता. खाजगी गाडीचं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांचं, मग पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यायचं. २००५, २०१०, २०१५, २०२० असं करत करत आता २०२५ चा नोव्हेंबर आला. ही फी पूर्वी ६०० रुपये होती. २०२२ च्या एप्रिलपासून ती ५,००० झाली आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांना १०,०००. पैशाचंही एक वेळ ठीक आहे, पण पीयूसी नापास. इतक्या जुन्या पेट्रोल गाडीला आयडलवर कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांपर्यंत चालतो. आमची दाखवत होती ४.६.

घरात सभा भरली. बाबांचं मत, भंगारात द्या, किती दिवस सांभाळणार. माझ्या चुलतबहिणीचं मत, फोटो काढून ठेवू आणि देऊ. मोठे बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मोठी आई २०२१ मध्ये गेल्यापासून ते तसेही कमीच बोलतात. शेवटी म्हणाले, "पीयूसी झाली तं ठेवतो. नाई झाली तं न्या बाप्पा." एवढं बोलून उठले आणि बाहेर जाऊन गाडीची काच पुसायला लागले. आता सांगा, यानंतर मी पुण्याचं तिकीट रद्द न करून काय करणार होतो?

गाडीचा आजार दोन वर्षं जुना. सिग्नलला थांबली की इंजिन आधी फुरफुरायचं, मग आपोआप वेग वाढायचा, मग पुन्हा पडायचं. आयडल जागेवर नाही. एका गॅरेजमध्ये दाखवली, त्यांनी मिक्श्चर स्क्रू बाहेर काढून पेट्रोल वाढवलं. चार महिने बरी चालली. पुन्हा बिघडली, पुन्हा तोच स्क्रू अजून थोडा बाहेर. शिवाय थ्रॉटलचा स्टॉप स्क्रू आत, म्हणजे आयडलचा वेगच वाढवून ठेवला. गाडी बंद पडत नाही ना, झालं तर मग. आमच्या धंद्यातल्या लोकांना हा प्रकार नवीन नाही. प्रोग्रॅम मधूनच पडतोय, का पडतोय कुणी बघत नाही, कॉन्फिगमधला एक आकडा वाढवून ठेवतात आणि तिकीट क्लोज. पीयूसीवरचा ४.६ हा त्या क्लोज केलेल्या तिकिटांचा हिशोब होता.

बडनेरा रोडवर एक जुने मिस्त्री आहेत. आता नियमित गॅरेज चालवत नाहीत, मुलगा टू-व्हीलरचं बघतो आणि हे खुर्ची टाकून बसतात. मोठ्या बाबांना ओळखतात. मी बरोबर जेटचा सेट घेऊन गेलो होतो, तो त्यांनी उघडूनही बघितला नाही.

"जेट कायले बदलून रायला बाप्पा? जेट तं चांगले हायेत. हा हवा खाऊन रायला. कुठून खाते ते पाय आधी."

मग त्यांनी एक गंमत केली. गाडी आयडलला चालू ठेवायला लावली, तेलाच्या कुपीतून इंजिन ऑइलचा एक थेंब थ्रॉटलच्या दांड्याच्या टोकाशी, जिथे तो कार्बोरेटरच्या बॉडीतून बाहेर येतो तिथे सोडला. दुसरा थेंब दुसऱ्या टोकाला. फुरफुरणारं इंजिन दोन सेकंदांत शांत झालं. शब्दशः शांत. साधारण अर्धा मिनिट तसंच चाललं, मग तेल आत ओढलं गेलं आणि पुन्हा पहिले पाढे.

"घ्या, सापडला चोर."

हीच परीक्षा आता लोक कार्ब क्लीनरचा स्प्रे मारून करतात. इंटरनेटवर तर पेट्रोल शिंपडून करणारेही महाभाग दिसतात. गरम इंजिनाजवळ पेट्रोल शिंपडू नका हो. तेलाचा थेंब पुरतो, आणि तो कुणाच्या भुवया जाळत नाही.

आता हा दांडा म्हणजे काय प्रकरण आहे ते सांगतो. चेतकसारख्या स्कूटरच्या किंवा साध्या मोटरसायकलच्या कार्बोरेटरमध्ये एक दट्ट्या सरकतो. गाड्यांच्या सोलेक्ससारख्या कार्बोरेटरमध्ये तसं नसतं. तिथे हवेच्या नळीत पितळेची एक गोल चकती असते, तिला बटरफ्लाय म्हणतात, आणि ती एका आडव्या दांड्यात स्क्रूने बसवलेली असते. अॅक्सलरेटर दाबला की दांडा फिरतो, चकती उघडते. दांडा पोलादाचा. तो ज्या भोकांतून जातो ती बॉडी जस्ताच्या मिश्रधातूचं ओतकाम. बेअरिंग नाही, सील नाही, ग्रीस नाही. आपलं भोक आणि दांडा. नवा असताना दोन-तीन थाऊ, म्हणजे मिलिमीटरचा विसावा ते तेरावा भाग एवढी फट.

दांड्याच्या एका बाजूला लिव्हर आणि परतीची स्प्रिंग. ती स्प्रिंग दांड्याला सतत एकाच दिशेला खेचते. पस्तीस वर्षं. त्यामुळे भोक गोल झिजत नाही, लांबुडकं झिजतं, आणि लिव्हरच्या बाजूला जास्त. गंमत म्हणजे नुसतं नरम जस्तच झिजत नाही, पोलादी दांडाही झिजतो. आपल्याकडची काळ्या मातीची बारीक धूळ नरम धातूत रुतून बसते आणि मग ती कठीण दांड्याला कानशीसारखी घासते. आमच्या दांड्यावर दोन्ही बाजूंना असे पट्टे पडले होते की नखाला पायरी लागत होती.

इंजिन आयडलला असतं तेव्हा चकती जवळजवळ बंद असते आणि तिच्याखाली जबरदस्त ओढ असते, बाहेरच्या दाबाच्या साधारण एक तृतीयांश दाब उरतो. त्या ओढीला दांड्याभोवतीची फट आयती मिळते. तिथून जी हवा आत जाते तिला पेट्रोलशी काही देणंघेणं नाही, ती कुठल्याच जेटवरून गेलेली नसते. मी मायक्रोमीटर घेऊन बसलो. लिव्हरच्या बाजूला एकूण ढिलाई ०.३० मिमी, दुसऱ्या बाजूला ०.१५. आठ मिमीच्या दांड्याभोवती या दोन्ही फटींचं क्षेत्रफळ मिळून साडेपाच चौरस मिलिमीटरच्या वर जातं. म्हणजे मॅनिफोल्डला २.७ मिमीचं भोक पाडून ठेवल्यासारखं. १०८९ सीसीचं इंजिन आठशे आरपीएमवर किती हवा घेतं याचा ढोबळ हिशोब मांडला, अरुंद फटीतल्या घर्षणाची सढळ सूट दिली, तरी आयडलच्या हवेतला पाचवा हिस्सा चोरवाटेने येत होता.

बरं, गळती रोज तेवढीच असती तर स्क्रूने जमवता आली असती. पेट्रोल थोडं वाढवा, विषय संपला. पण सैल दांडा दर वेळी वेगळ्या जागी बसतो. पाय काढला की कधी या कडेला टेकतो, कधी त्या कडेला. चकतीही त्याच्याबरोबर हलते. म्हणून एका सिग्नलला आयडल सातशे तर पुढच्याला अकराशे. फिरणाऱ्या गोष्टीला स्थिर आकड्याने कोण जमवणार? आणि वेग घेतला की ओढच कमी होते, फटीतली चोरी नगण्य होते, म्हणून हायवेवर गाडी राजासारखी चालते. "चालते तं मस्त, थांबते तवाच नखरे करते" ही मोठ्या बाबांची तक्रार म्हणजे बिनचूक निदान होतं, आम्हीच ते स्वभाववर्णन समजत होतो.

त्यात आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे तेच जेट ठेवून मिश्रण आणखी पातळ पडतं. शुद्ध पेट्रोलला वजनाने १४.७ भाग हवा लागते, या मिश्रणाला साधारण साडेतेरा. १९९० च्या कार्बोरेटरला हे कुणी सांगितलेलं नाही. एकीकडून चोरटी हवा, दुसरीकडून पातळ इंधन, आणि त्यावर गॅरेजवाल्यांचं पेट्रोल वाढवणं. कधी सिलिंडर जळणच चुकवतो, कधी धूर ओकतो.

आता उपाय. मी मिस्त्रींना विचारलं, नवा दांडा करून टाकला तर?

"नुसता शाफ्ट बदलून काय होते? भोक तं ओव्हलच हाय. नवा टाकसान, चार महिन्यांत अजून तसाच वाजन. बुश मारा लागते. पण हे काम अमरावतीत कोनी करणार नाई. अकोल्याले जा."

मध्ये एका दुकानदाराने डब्यावर कुणाचंच नाव नसलेला नवा कार्बोरेटर दाखवला होता. मी डब्यातून काढून आधी दांडा हलवून बघितला. नव्यालाच प्ले. परत डब्यात ठेवला.

कार्बोरेटर खोलताना एक ठिकाण असं आहे जिथे घाई केली की काम वाढतं, ते सांगून ठेवतो. चकतीचे दोन छोटे स्क्रू कारखान्यात मागून ठोकून पसरवलेले असतात, कारण त्यातला एखादा सैल झाला तर तो सरळ इंजिनात पडतो. त्यामुळे ते नुसते उलटे फिरवायला गेलं की डोकं तरी तुटतं नाहीतर दांडा पिळतो. पसरवलेलं टोक आधी बारीक कानशीने घासून सपाट करायचं आणि मगच फिरवायचं. चकतीची कड तिरकी घासलेली असते आणि ती एकाच दिशेने बसते, म्हणून काढण्याआधी मार्करने वरची बाजू आणि लिव्हरची बाजू लिहून ठेवायची. मला दोन स्क्रूंना पाऊण तास लागला. मोठे बाबा टॉर्च धरून उभे होते आणि दर पाच मिनिटांनी "झालं का?" विचारत होते.

मग बॉडी, दांडा, चकती एका जुन्या पेढ्यांच्या डब्यात घालून एसटीने अकोला. शंभर किलोमीटरच्या आतबाहेर अंतर. हा तोच रस्ता ज्याच्या एका पट्ट्यावर २०२२ च्या जूनमध्ये १०५ तास ३३ मिनिटांत सलग ७५ किलोमीटर डांबर टाकून गिनेस रेकॉर्ड केलं होतं. वाटेत मूर्तिजापूर. इथून पूर्वी सुटणाऱ्या शकुंतला या नॅरोगेज गाडीला मँचेस्टरमध्ये १९२१ साली बांधलेलं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत ओढत होतं. त्याचे किती बुश बदलले असतील देव जाणे. मांडीवर पेढ्यांचा डबा घेऊन मला दुसरं सुचतही नव्हतं.

अकोल्याला का, तर तिथे लेथ आहेत म्हणून. आणि लेथ का, तर जिनिंग-प्रेसिंग, डाळमिल आणि तेलमिल आहेत म्हणून. कापसाच्या हंगामात जिन बंद पडली की कंपनीचा माणूस येईपर्यंत कुणी थांबत नाही, शाफ्ट काढायचा आणि रातोरात लेथवर. झिजलेल्या भोकात गनमेटलचा बुश मारणं हे तिथलं रोजचं काम आहे. फक्त त्यांचे बुश मनगटाएवढे असतात आणि माझा करंगळीएवढा.

एमआयडीसीतल्या त्या टर्नरकाकांनी डबा उघडला, बॉडी उलटीपालटी केली आणि हसले. "कार्बेटर म्हणते अन् घड्याळाचं काम घेऊन आला हा." मग दांडा भोकात घालून कानाशी नेऊन हलवला. कट कट कट. मला वाटलं आता नाही म्हणणार. त्यांनी विचारलं, "किती दिवस हायेत?" मी म्हटलं, रजिस्ट्रेशनला अजून अकरा दिवस आहेत. "मंग होते. आजच पायजे असतं तं नाई म्हटलं असतं."

त्यांचा पुढचा प्रश्न मला फार आवडला. मी सांगत होतो की भोकाच्या मधोमध दहा मिमीचं बोअर करा आणि बुश बसवा. ते म्हणाले, "कोनतं मधोमध? झिजलेल्या भोकाचं, का जुनं?"

खरी मेख इथेच आहे. भोक एका बाजूला झिजून लांबुडकं झालंय. त्याच्या आत्ताच्या आकाराचा मध्य धरला तर दांडा मूळ जागेपासून दहा-अकरा शतांश मिलिमीटर सरकतो. ऐकायला काहीच नाही. पण चकती नळीत एका बाजूने घासते आणि दुसऱ्या बाजूने उघडी राहते. शिवाय चकतीच्या कडेशी बॉडीत दोन-तीन बारीक भोकं असतात, पाय किंचित दाबला की इंजिनाला पहिलं पेट्रोल तिथून मिळतं. कड त्यांच्यापासून सरकली तर गाडी आयडलवरून उठताना झटका देते. साधं ड्रिल घातलं तर ते आणखी वाईट, ते वाट दिसेल तिकडे म्हणजे झिजलेल्या बाजूला पळतं.

जुना मध्य शोधायचा कसा? स्प्रिंग ज्या बाजूला ओढते ती बाजू झिजलेली. उलट बाजूचं अर्धवर्तुळ कारखान्यातून आलं तसंच होतं. काकांनी फेसप्लेटवर अँगलप्लेट लावली, बॉडीचं खालचं सपाट तोंड तिच्यावर क्लॅम्प केलं, पण क्लॅम्पखाली जाड पुठ्ठा घालून, कारण जस्त दाबाला चिरतं. मग डायलची सुई भोकात घालून चक हाताने फिरवायचे, फक्त त्या न झिजलेल्या अर्ध्या भागात सुई किती हलते ते बघायचे आणि पितळी हातोडीने बॉडीला अगदी टिचकी मारायचे. पुन्हा फिरवायचे. पुन्हा टिचकी. यात सव्वा तास गेला. मी दोन चहा प्यालो, शेजारी कुणीतरी डाळमिलच्या शाफ्टसाठी ओरडत होतं, काकांनी मान वर केली नाही. सुई अर्ध्या थाऊच्या आत आली तेव्हा म्हणाले, "आता लाव मशीन."

ड्रिल नाहीच. बारीक बोरिंग बारने, एकदा लावलेल्या सेटिंगमध्येच, जवळच्या भोकातून आरपार जाऊन समोरचंही भोक कापलं. बॉडी उलटी करून दुसऱ्या बाजूने केलं असतं तर दोन भोकं एका रेषेत आली असती याची खात्री कोण देणार? थोडं-थोडं घेत दहा मिमी. गनमेटलचे बुश एक थाऊ मोठे वळले. मी माझी शंका काढली, की जस्त गरम झाल्यावर गनमेटलपेक्षा जास्त फुगतं, मग बुश सैल नाही का होणार? तिथेच मोबाइलवर गुणाकार केला, साठ अंश वाढीला दहा मिमीवर फरक येतो जेमतेम पाच मायक्रॉन, आणि आपण दाब ठेवलाय पंचवीस मायक्रॉनचा. काका म्हणाले, "हिशोब बराबर हाय तुझा. तरी लॉकटाइट लावजो."

बुश हातोडीने ठोकले नाहीत. लांब बोल्ट, दोन वॉशर आणि नट घेऊन पाना फिरवत ओढून बसवले. नळीत डोकावणारी कड गोलाईने घासून नळीशी सपाट केली. मग आठ मिमीचा रीमर एका दमात दोन्ही बुशांतून. नवा दांडा स्टेनलेसच्या बारमधून वळला आणि त्यातली चकतीची खाच शेजारच्या मिलिंगवाल्याकडे कापून घेतली. तेलाचा थेंब लावून दांडा भोकात सोडला तर तो स्वतःच्या वजनाने हळूहळू खाली उतरला आणि हलवला तर आवाज नाही. फट दोन थाऊ.

पैसे घेतले अठराशे. सगळी मापं त्यांनी खडूने भिंतीवर लिहून ठेवली. भिंतीवर अशीच कितीतरी मापं होती, काहींवर नव्याने रंगाचा हात फिरलेला, तेवढा चौकोन सोडून. मी विचारलं, वहीत का नाही? "वही हरवते," म्हणाले. मी फोटो काढला. मुलगा पुण्यात माझ्याच लाइनमध्ये आहे हे त्यांनी निघताना सांगितलं, आणि कुठल्या कंपनीत ते मी विचारायच्या आत पुढच्या माणसाचा शाफ्ट हातात घेतला.

परत अमरावती. जोडणीत चकतीचं केंद्र जमवणं महत्त्वाचं. स्क्रू अर्धवट सैल ठेवून दांडा चार-पाच वेळा जोरात बंद होऊ द्यायचा, चकती आपली जागा स्वतः शोधते. मग दिव्यासमोर धरून बघायचं. चारी बाजूंनी केसाएवढी प्रकाशाची रेघ सारखी दिसली की स्क्रू आवळायचे. मोठ्या बाबांचा मोतीबिंदू काढलेला डोळा माझ्यापेक्षा चांगला निघाला, त्यांनी दोनदा "डावीकडे जास्त उजेड हाय" म्हणून मला पुन्हा करायला लावलं. शेवटी स्क्रूला लॉकटाइट, आणि दांड्याला खालून आधार देऊन टोकं पुन्हा पसरवली.

गाडी सुरू केली. मिक्श्चर स्क्रू आत घेतला तर इंजिन मंद झालं, बाहेर घेतला तर सावरलं. ही साधी गोष्ट आहे, पण दोन वर्षांत तो स्क्रू फिरवून इंजिनाने असं उत्तर दिलं नव्हतं. इथेनॉलच्या हिशोबाने मिस्त्रींनी आयडल जेट एक नंबर मोठा टाकायला लावला. माझा सेट अखेर कामाला आला. ऑइलचा थेंब पुन्हा टाकून बघितला, आवाजात काही फरक नाही. पाय काढला की आठशे, दहा वेळा काढला तरी आठशे. मिस्त्रींनी टॅकोमीटरकडे बघितलंही नाही, बोनेटवर पाण्याचा ग्लास ठेवला आणि पाण्याकडे बघत बसले.

पीयूसी दुसऱ्या दिवशी. १.९. पंपावरच्या पोराने आकडा बघून नळी पुन्हा नीट खुपसली आणि दुसऱ्यांदा मोजलं. १.९. मोठ्या बाबांनी सर्टिफिकेट घडी न घालता, पेपराच्या आत सपाट ठेवून घरी नेलं. आरटीओत इन्स्पेक्शन झालं, १०,००० भरले, बाबांनी त्यावर काही भाष्य केलं नाही. आता २०३० पर्यंत.

एक राहिलंय. थ्रॉटल सरळ झाल्यावर लक्षात आलं की अॅक्सलरेटर पंपाचा डायफ्रॅमही कडक झालाय, पाय एकदम दाबला की क्षणभर दम खाते. मोठ्या बाबांचा फोन आलाच, "ते तेवढं करून जाजो." किट मागवलंय. ते आलं की पुन्हा अमरावती, तेव्हा पुढच्या शनिवारचं काही खरं नाही.